तिनाच्या खालचा ठिपका

"हे घड्याळ वेळ बघायचं नाहीच मुळी," घड्याळवाली म्हणाली. डोळ्याला लावलेलं भिंग तिने अजून काढलं नव्हतं.

काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या टाइमकीपरला हसावं की रागवावं ते कळेना. एकतीस वर्षं बस डेपोच्या खिडकीत बसून तो गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत आला होता. ड्रायव्हर त्याला पाठीमागे 'काटा' म्हणत. घड्याळातला काटा की पायात रुतणारा, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून ठरवावं. चार मिनिटं उशीर झालाय तर तीन लिहा, अशी गळ घालायला आलेले कितीतरी जण त्याच्या खिडकीवरून हात हलवत परत गेले होते. अशा माणसाला घड्याळ वेळेसाठी नसतं असं सांगणं म्हणजे आचाऱ्याला पळी ही कान खाजवायला असते असं सांगण्यातला प्रकार.

"मग कशासाठी असतं?" तो म्हणाला. "पाऊस मोजायला?"

"हसा, हसा. इकडे या, दाखवते."

घड्याळवाली चाळिशीची, बोलकी बाई होती. दुकान सासऱ्यांचं. पुढच्या भागात भिंतीवरची घड्याळं, रिमोटचे सेल, मोबाइलच्या काचा असा पोटापाण्याचा माल होता. पण कोपऱ्यात जुनं दुरुस्तीचं टेबल तिने राखलं होतं. त्यावर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर टाइमकीपरच्या आईचं घड्याळ पडलं होतं. पोलादी, बायकांच्या मनगटाला जरा मोठंच. पट्टा तेवढा नवा, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा. तबकडीवरचं कंपनीचं नाव पुसून गेलं होतं.

"हे कडेचे लाल आकडे बघा. दोनशे, दीडशे, शंभर, ऐंशी. वेळेचे आकडे असे असतात का कुठे?"

"लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं नक्षी आहे."

"नक्षी नाही काका, नाडी. सेकंदकाटा बारावर आला की पेशंटची नाडी मोजायला सुरुवात करायची. तीस ठोके झाले की काटा कुठे आहे ते बघायचं. समोर जो आकडा असेल, तेवढे ठोके मिनिटाला. गुणाकार नको, भागाकार नको. डॉक्टरांसाठी बनवायचे असली घड्याळं. साठ-पासष्ट वर्षांचं तरी असेल. मी आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं." तिने भिंग काढलं आणि कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात कोण होतं डॉक्टर?"

"कुणी नाही," टाइमकीपर म्हणाला.

एक्केचाळीस वर्षं ज्या उत्तराला तो घाबरत होता ते या बाईने हसत हसत समोर ठेवलं होतं. त्याची आई एका लहानशा प्रसूतिगृहात आया होती. फरशी पुसायची, चादरी धुवायची, बादल्या उचलायची. आयाच्या हातात डॉक्टरचं घड्याळ येतं कुठून?

"आणि हा ठिपका कसला?" तिने परत वाकून पाहिलं. तिनाच्या आकड्याच्या किंचित खाली, कडेला, मोहरीएवढाही नसलेला एक लालभडक ठिपका होता. "हा कारखान्यातला नाही. नंतर कुणीतरी लावलाय."

"डाग आहे तो. काढून टाका." त्याचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तबकडी नवी रंगवून मिळते ना? रंगवून टाका. सगळंच नव्यासारखं करा."

"अहो, जुनी तबकडी रंगवायची नसते. घड्याळाचा चेहरा असतो तो. साफ करते, तेल घालते, पण..."

"पैसे काय होतील ते देईन. तो डाग मला नको."

चोरीच्या सायकलीला रात्रीत रंग मारतात, तसलंच काहीतरी आपण करतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. घड्याळवालीने मान हलवली. गिऱ्हाइकाशी वाद किती घालायचा याला धंद्यात मर्यादा असते. पाठीमागचं झाकण जाम बसलं होतं. तेल सोडून ठेवायला लागेल, गुरुवारी या, म्हणाली.

"पण आमचं दुकान कसं शोधलंत? चावीची घड्याळं आता कुणी आणत नाही."

"आई पावडरच्या डब्यात ठेवायची हे. डब्याच्या तळाशी तुमच्या दुकानाचं कार्ड होतं."

त्याने कार्ड दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं. "हे बाबांच्या वेळचं. सासरे माझे. सात वर्षं झाली, डोळ्यांनी दगा दिला, आता टेबलावर बसत नाहीत. आत असतात. विचारते त्यांना, आठवत असेल तर."

"नको, नको. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?" असं म्हणून टाइमकीपर दुकानाच्या पायऱ्या उतरला, तो इतक्या घाईने की शेवटची पायरी चुकली.

घरी आल्यावर बायकोने चहा पुढे ठेवला आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचं तोंड वाचायला घड्याळ लागत नसे.

"काय झालं? बिघडलंय का फार?"

"नाही. चालेल म्हणाली."

"मग असं तोंड का? आईंनी जाताना एवढंच सांगितलं होतं मला. बांगड्या तुझ्या लेकीला दे, डबा त्याला दे, आणि चावी रोज द्यायला सांग. पाच महिने तुम्ही डबा उघडला नाहीत. आता उघडलाय तर जरा आनंदाने करा की."

टाइमकीपरने चहा बशीत ओतला आणि तो तसाच ठेवून बोलायला लागला. ही गोष्ट त्याने तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

लहानपणी त्याला त्या घड्याळाचा कोण अभिमान होता! चाळीत कुणाच्याही आईच्या हातात घड्याळ नव्हतं. रोज सकाळी आई खिडकीपाशी उभी राहून चावी द्यायची, मोजून वीस वेळा. अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज त्याला ऐकू यायचा. मग ती मनगट त्याच्यापुढे करायची आणि म्हणायची, "बघ बरं, किती वाजले?" त्या वेळी तो सहा-सात वर्षांचा होता. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. लहान काटा इथे, मोठा तिथे, असं करत करत तो वेळ सांगायला शिकला. चुकला तरी ती चुकलास म्हणायची नाही. "परत बघ," एवढंच म्हणायची.

त्या घड्याळाचा राग आला तोही तेव्हाच. तो आजारी पडला की आई उशाशी बसून त्याचं मनगट धरायची आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. जप करत असेल, असं त्याला वाटे. पण जप करताना नजर मात्र घड्याळावर! पोरगा तापाने फणफणलाय आणि हिला ड्यूटीची वेळ चुकायला नको. एका दुपारी तर घड्याळाकडे पाहून ती ताडकन उठली, त्याला खांद्यावर टाकलं आणि पळतच निघाली, ती थेट आपल्या कामाच्या ठिकाणी. रजा मिळाली नसेल म्हणून मलाही बरोबर नेलं, असंच तो धरून चालला. तिथे त्याला इंजेक्शन दिलं, आठ दिवस ठेवूनही घेतलं. पण तापातल्या मुलाच्या डोक्यात एकदा जे बसतं ते बसतं.

"मग सोळा वर्षांचा झालो," तो म्हणाला. "परीक्षा होती. हट्ट धरला, घड्याळ दे. ती म्हणाली, देणार नाही, कामावर लागतं. मी म्हटलं, फरशी पुसायला घड्याळ कशाला लागतं? आणि त्याच आठवड्यात मामा आला होता. चेष्टेत म्हणाला होता, आयाच्या पगारात असलं घड्याळ येतं होय? इस्पितळातून काय काय बाहेर पडतं कोण जाणे!"

"मामांच्या जिभेला हाड नव्हतंच कधी."

"माझ्याही नव्हतं. मी आईला म्हणालो, चोरीचं घड्याळ मला नकोच."

बायको त्याच्यासमोर येऊन बसली.

"ती चावी देत होती. बारा झाल्या होत्या. थांबली. मला वाटलं, आता मारेल. तर तिने राहिलेल्या आठ चाव्या दिल्या आणि कामावर गेली. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. फक्त त्या दिवसानंतर ती घरात घड्याळ घालायची बंद झाली. निघताना डब्यातून काढायची, आली की ठेवायची. आणि मला परत कधी विचारलं नाही, बघ बरं, किती वाजले."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, कुठून आलं ते?"

"विचारायची वेळच नाही आली."

"एक्केचाळीस वर्षांत?" बायको म्हणाली. "बरोबर आहे. टाइमकीपरला कुठला वेळ?"

ती हे लागावं म्हणून बोलली नव्हती, पण लागायचं ते लागलं. मग तिनेच गार झालेला चहा उचलला, दुसरा टाकला. आई चोर नव्हती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं त्या एका छपराखाली दोघींनी काढली होती. शेजारणीची चिमूटभर साखर राहिली तर सासूबाईंना झोप येत नसे हे तिने पाहिलं होतं. पण आपल्याला माहीत असणं वेगळं आणि ज्याने तोंडातून शब्द काढला त्याला माहीत होणं वेगळं, हेही तिला कळत होतं.

"गुरुवारी जा," ती म्हणाली. "आणि त्या म्हाताऱ्याला भेटा. त्रास होतो का नाही ते त्यालाच ठरवू दे."

गुरुवारी टाइमकीपर दुकानात शिरला तेव्हा दुरुस्तीच्या टेबलापाशी एक म्हातारा खुर्चीत बसला होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि तो असूनही नजर भलतीकडेच. त्याने हातातली वस्तू कानाशी धरली होती. ते आईचं घड्याळ होतं.

"काका, रागावू नका," घड्याळवाली म्हणाली. "तबकडी रंगवली नाही. ठिपका काढणार होते, पण त्याआधी झाकण उघडलं आणि आत बघते तर आमच्याच दुकानाच्या खुणा. म्हणून बाबांना हाक मारली. तर त्यांनी माझा हातच धरला."

"या," म्हातारा म्हणाला. "तुम्ही त्यांचे चिरंजीव. टाइमकीपर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला सगळं माहीत आहे. तुम्हाला चौथीत गोवर आला होता तेही." म्हाताऱ्याने घड्याळ टेबलावर ठेवलं, नेमकं पांढऱ्या कागदाच्या मधोमध. "सूनबाई, त्यांना झाकण दाखव."

घड्याळवालीने भिंग टाइमकीपरच्या हातात दिलं आणि ते डोळ्याला कसं लावायचं ते शिकवलं. घड्याळ दुरुस्त करणारे लोक झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने तारीख कोरून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळतं की तेल कधी घातलं होतं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. झाकणात केसाएवढ्या बारीक ओळी होत्या, एकाखाली एक. टाइमकीपरने सवयीने त्या मोजल्या. तेवीस. दर दोन वर्षांनी एक. सवयीनेच त्याने सुटलेली ओळ शोधली. सात वर्षांपूर्वी म्हाताऱ्याने टेबल सोडलं, तोवर एकही सुटली नव्हती. तो सोळा वर्षांचा होता त्याच्या आधीची ओळ होती, नंतरचीही होती.

"ही पहिली ओळ कोरली त्या दिवशी दोघी आल्या होत्या," म्हातारा सांगू लागला. "तुमची आई आणि त्यांच्या डॉक्टरीणबाई. घड्याळ डॉक्टरीणबाईंच्या हातात. मला म्हणाल्या, ह्याच्यावर एक खूण करून द्या, इथे, तिनाच्या जरा खाली. मी म्हटलं, बाई, मी घड्याळं दुरुस्त करतो, खराब करत नाही. असल्या तबकडीवर ठिपका देणं म्हणजे पाप आहे. तर त्या म्हणाल्या, हे आता माझं नाही. यांचं आहे. त्यांना विचारा."

टाइमकीपरने डोळ्याचं भिंग काढलं नाही. काढलं असतं तर घड्याळवालीला त्याचे डोळे दिसले असते.

"मी तुमच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, लावा. मला दिसेल असा लावा."

"पण कशासाठी?"

"तेच मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंत झालेल्या बाईचं रक्त जास्त जायला लागलं की आधी नाडी पळते. बाई बोलत असते, बाळाला बघून हसत असते, आणि नाडी पळत असते. माझ्याकडे खाटा अठरा आणि नर्स एक. नर्स बाळंतपणाच्या खोलीत अडकली की वॉर्डात उरते ही एकटी, फरशी पुसत. दोनदा हिने मला हाक मारली आणि दोन्ही वेळा हिचंच बरोबर निघालं. कसं कळलं म्हटलं तर सांगते, हात धरला, बरं नाही वाटलं. आता हिचं ते 'बरं नाही वाटलं' मला घड्याळात बसवून द्या."

"मग आकडे होते की," टाइमकीपर म्हणाला. "लाल आकडे होते."

म्हाताऱ्याने चष्मा काढून स्वेटरला पुसला.

"तुम्हाला ठाऊक नाही होय," तो म्हणाला. "मलाही नव्हतं. मीही तेच म्हटलं, बाई, आकडे आहेत की. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. तुमच्या आईच म्हणाल्या, मला आकडे येत नाहीत. सरळ सांगितलं. मी म्हटलं, मग तीस कसे मोजणार? तर त्यांनी डावा हात पुढे केला आणि अंगठा पेरांवरून फिरवून दाखवला. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. दोन फेऱ्या पुऱ्या, आणि वर दोन बोटं. झाले तीस! काटा बारावर आला की सुरू. तीस संपले आणि काटा ठिपक्याच्या पुढे गेलेला असला तर ठीक. ठिपक्याच्या अलीकडेच असला तर हातातली बादली टाकायची आणि पळत सुटायचं."

टाइमकीपरच्या डोळ्यांपुढे तो अंगठा आला. तापातून दिसलेला, पेरांवरून फिरणारा, खरखरीत. ती तेव्हा जप करत नव्हती. ती त्याला मोजत होती. आणि त्या दुपारी काटा ठिपक्यापर्यंत पोचला नव्हता.

"ती मला विचारायची, किती वाजले," तो कसाबसा म्हणाला. "रोज विचारायची. मला वाटायचं, डोळे कमजोर आहेत."

"डोळे कमजोर? सुईत दोरा ओवून द्यायच्या मला. त्यांना वेळ वाचता येत नव्हती हो. कारखान्याच्या भोंग्यावर कामाला जायच्या. मी एकदा म्हटलं, बसा, पाच मिनिटांत शिकवतो. तर म्हणाल्या, नको, घरी मुलगा सांगतो मला. बरोब्बर सांगतो." म्हातारा हसला. "पुढे एकदा पट्टा बघितला, फारसा मळलेला नव्हता. मी विचारलं, घालत नाही का? म्हणाल्या, कामावर घालते. घरी आता लागत नाही, मुलगा वेळ शिकला. आणि तुम्हाला डेपोत नोकरी लागली तेव्हा तर घड्याळाला काही झालेलं नसताना आल्या. अख्खा डेपो माझ्या मुलाच्या घड्याळावर चालतो म्हणाल्या. तेवढं सांगायलाच आल्या होत्या."

दुकानातली सगळी घड्याळं आपापल्या परीने चालली होती. टाइमकीपरला आता समजलं, आईने त्या सकाळी उत्तर का दिलं नाही. उत्तर द्यायचं तर ठिपका कशाला ते सांगावं लागलं असतं, आणि ठिपका सांगायचा तर आकडे येत नाहीत हेही सांगावं लागलं असतं. परक्या दुकानात ती ते सरळ बोलून गेली होती. पण घरात दहा वर्षं रोज सकाळी ती मनगट पुढे करायची, 'परत बघ' म्हणायची, आणि त्याला वाटायचं की तो आईला मदत करतोय. ते त्याच्याकडून तिने काढून घेतलं नाही. त्यापेक्षा तिने चोर म्हणवून घेतलं.

"मी तिला चोर म्हणालो होतो," तो म्हणाला. "या घड्याळावरून."

घड्याळवालीने हातातला चिमटा खाली ठेवला. म्हाताऱ्याने अंदाजाने हात पुढे केला, घड्याळ उचललं आणि टाइमकीपरच्या तळहातावर ठेवलं.

"चाव्या किती द्यायच्या माहीत आहेत का?"

"वीस."

"कुणी सांगितलं?"

"रोज ऐकल्यात."

"मग झालं तर," म्हातारा म्हणाला. "त्या तुमच्यावर रागावलेल्या असत्या तर घड्याळ तुम्हाला दिलं नसतं. बाई हिशेबी होत्या. तीसच्या पुढे मोजायच्या नाहीत, पण तीसमध्ये चूक नाही. त्या ठिपक्यामुळे किती बायका आपल्या पायांनी घरी गेल्या असतील, हे त्यांनाही माहीत नसणार. विचारलं तर म्हणायच्या, मी मोजत नाही बाई, मी नुसती हाक मारते."

यानंतर घड्याळवालीने घड्याळ कसं सांभाळायचं ते सांगितलं. चावी रोज एकाच वेळी द्यायची आणि कळ घट्ट लागली की थांबायचं, जोर करायचा नाही. हात धुताना काढायचं. स्पीकरजवळ, टीव्हीजवळ ठेवायचं नाही. दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडेल, या वयात तेवढं माफ करायचं. "तुम्हाला जड जाईल ते," ती म्हणाली, "पण करा." आणि दर दोन वर्षांनी आणायचं.

"ठिपका?" तिने विचारलं.

"हात लावू नका त्याला," टाइमकीपर म्हणाला. "काच तडकली तर बदला, काटे बदला, काय वाटेल ते बदला. त्याला हात लावू नका."

"तेच तर बाबा म्हणत होते."

म्हाताऱ्याने सुनेकडून सुई मागून घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तिने झाकण धरलं, टोक टेकवून दिलं, आणि सासऱ्यांच्या बोटांवर बोटं ठेवून चोविसावी ओळ कोरली. आधीच्या ओळींपेक्षा ती बरीच वाकडी आली. टाइमकीपर दोघांचे आभार मानायला गेला आणि नीट जमलं नाही. एकतीस वर्षं लोकांना नाही म्हणण्यात गेलेल्या माणसाची जीभ अशा वेळी वळत नाही. शेवटी त्याने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हाताऱ्यानेही काढून घेतला नाही.

बसने सरळ घरी जाता आलं असतं, पण तो चालत निघाला. रस्त्यात दोनदा घड्याळ कानाशी धरलं. आईचे आभार मानायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. जेवण झालं की ताट उचलायचं आणि कामाला लागायचं. पण आज चालता चालता तो मनातल्या मनात नुसते आभारच मानत होता. वेळ शिकवल्याबद्दल. त्या दुपारी खांद्यावर टाकून पळाल्याबद्दल. त्या शब्दानंतरही सकाळच्या चाव्या चुकवल्या नाहीत त्याबद्दल. आणि एवढं सगळं पोटात ठेवून शेवटी डबा त्यालाच दिला, त्याबद्दल तर शब्दच नव्हता. रस्त्यातल्या लोकांना एक पिकल्या केसांचा माणूस मनगट कानाला लावून रडत चाललेला दिसला असेल. दिसू दे.

घरी बायको खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती. त्याने चपला काढल्या, हात धुतले, मग आठवणीने घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"हात दे."

"कशाला?"

"दे तर."

"भाजीचा हात आहे, अहो."

त्याने तसाच तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली. नाडी लगेच सापडली नाही. बोटं जरा सरकवली, तशी लागली. कातडीखाली अगदी जवळ. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत तो थांबला आणि डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला.

एक, दोन, तीन. दुसरं बोट. अंगठा अडखळत होता, पण वाट सापडत होती.

"हे काय पुटपुटताय?" बायको म्हणाली. "जप चाललाय का?"

तो बोलला नाही. मोजणी चुकली असती. पहिली फेरी झाली, दुसरी सुरू झाली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तीही गप्प झाली. दुसरी फेरी संपली. वर एक बोट. मग दुसरं. शेवटच्या पेराशी अंगठा थांबला तेव्हा सेकंदकाटा ठिपका ओलांडून चांगला पुढे गेला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तू ठीक आहेस."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. पण हात तिने तसाच राहू दिला. जरा वेळाने तिने विचारलं, "किती वाजले हो?"

टाइमकीपर तिच्याकडे बघतच राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो घड्याळाकडे इतका वेळ बघत होता, आणि वेळ त्याने पाहिलीच नव्हती.

त्याने मनगट तिच्यापुढे केलं.

"बघ बरं," तो म्हणाला.